अविश्वास ठरावाने दिल्लीतली किती सरकारं पडली? (पैज हरलो, त्याची गोष्ट)

कोयनाकाठ
मंडळी, भाचा पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन एमपीएससीचा अभ्यास करतोय. रविवारी घरी आला आणि जेवता जेवता विचारलं, "मामा, आजवर केंद्रात अविश्वास ठराव मंजूर होऊन किती सरकारं पडली?" मी तोंडात घास असतानाच बोट वर केलं, तीन. व्ही. पी. सिंग, देवेगौडा, वाजपेयी. अर्धा किलो कंदी पेढ्यांची पैज लागली.

उत्तर शून्य आहे.

माझी तिन्ही नावं चूक नाहीत, ती सरकारं लोकसभेत मतदानातच पडली. पण तिन्ही वेळा ठराव विश्वासदर्शक होता. म्हणजे पंतप्रधानांनीच मांडला आणि तेच हरले. विरोधकांनी मांडलेला अविश्वास ठराव एकदाही मंजूर झालेला नाही. १९६३ साली कृपलानींनी नेहरूंविरुद्ध पहिला मांडला, एकट्या इंदिरा गांधींविरुद्ध पंधरा मांडले गेले, २०१८ मध्ये मोदी सरकारविरुद्ध आला तो १२६ विरुद्ध ३२५ ने पडला. मतदानाला आलेले सगळे फेटाळलेच गेले.

त्यातल्या त्यात जवळ गेले ते आमचे कऱ्हाडचेच. जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते म्हणून यशवंतराव चव्हाणांनी मोरारजी देसाईंच्या जनता सरकारवर अविश्वास ठराव आणला. जनता पक्ष आतून पोखरलेला होताच, रोज खासदार बाहेर पडू लागले. जॉर्ज फर्नांडिसांनी सभागृहात सरकारची कडकडून बाजू मांडली आणि काही दिवसांतच स्वतः बाहेर पडले. १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. मतदान झालंच नाही! म्हणजे ठरावाने सरकार घालवलं, पण ठराव मंजूर मात्र झाला नाही. भाच्याच्या वहीत तो शून्यातच धरतात.

मग मला प्रश्न पडला की सरकार नक्की पडतं कुठे आणि कशाने? तुमच्या आठवणी लिहा. माझी १९९९ ची आठवण खाली प्रतिसादात टाकतो, इथे लांबण होईल.

चहाटळ
पहिला नंबर. राजकारणाचा धागा, शतक नक्की. पेढे कुठले? साताऱ्याचे असतील तर मीही पैज लावतो.

संपादक
आधीच सांगून ठेवतो. घटना, तारखा, आकडे, आठवणी यांचं स्वागत. 'तुमचा तो बाब्या' सुरू झालं की प्रतिसाद उडतील. 'खंजीर' हा शब्द या धाग्यापुरता बंद आहे.

कोयनाकाठ
@संपादक, १९७८ आल्याशिवाय राहणार नाही आणि १९७८ आलं की खंजीर येणारच. असो.

१७ एप्रिल १९९९, शनिवार. मी तेव्हा नोकरीच्या शोधात, म्हणजे दिवसभर चौकातल्या सलूनमध्ये. शनिवारी केस कापायला कोण येतंय? त्यामुळे खुर्च्या सगळ्या आमच्याच. दुकानदाराने टीव्ही आरशाच्या वर, छताला टेकवून बसवलेला. त्यामुळे खुर्चीत बसून मान वर करून बघायचं किंवा आरशात उलटं बघायचं. आम्ही सात-आठ जण होतो.

जयललितांनी पाठिंबा काढून तीन दिवस झालेले. त्यांचे अठरा खासदार. राष्ट्रपती नारायणन यांनी वाजपेयींना बहुमत सिद्ध करायला सांगितलेलं. गंमत बघा, अण्णाद्रमुक गेला म्हणून द्रमुक सरकारच्या बाजूला आला. मायावतींचे पाच खासदार तटस्थ राहणार असं सगळे धरून चाललेले. त्यामुळे सलूनमधला हिशोब असा होता की सरकार दोन-चार मतांनी तरतंय.

मतदान सुरू झालं आणि बसपाने विरोधात बटण दाबलं. पाटीवर आकडे आले, पण आकडे आले म्हणजे निकाल नाही. ज्यांचं बटण नीट लागलं नाही त्यांच्या चिठ्ठ्या गोळा होतात, त्या धरून बेरीज. तो मधला वेळ! दुकानदार हातात वस्तरा घेऊन उभा, कोणाची दाढी नाही काही नाही, नुसता वस्तरा धरून. मग अध्यक्ष बालयोगींनी वाचलं, ठरावाच्या बाजूने २६९, विरुद्ध २७०.

आमच्यातला एक म्हणाला, "एकच?" दुसरा म्हणाला, "परत मोजा की." ग्रामपंचायतीत आम्ही परत मोजायला लावतो, त्या हिशोबाने तो बरोबरच होता.

मिसळ_विथ_कट
आणि ते एक मत गिरिधर गमांग यांचं. ओडिशाचे मुख्यमंत्री होऊन दोन महिने झालेले, पण कोरापुटच्या खासदारकीचा राजीनामा दिला नव्हता. मुख्यमंत्र्याने येऊन लोकसभेत मत टाकायचं, हे बेकायदा नव्हतं का?

काळाकोट
नव्हतं. मंत्री किंवा मुख्यमंत्री झालेल्या माणसाला विधिमंडळावर निवडून यायला सहा महिने मिळतात. गमांग १७ फेब्रुवारीला मुख्यमंत्री झाले, विधानसभेचे सदस्य अजून नव्हते. खासदार आणि आमदार एकाच वेळी राहता येत नाही असा नियम आहे, पण ते आमदार झालेच नव्हते. म्हणजे खासदारकी शाबूत आणि मतही शाबूत. शोभतं का, हा प्रश्न वेगळा. बालयोगींनीही निर्णय त्यांच्या सद्सद्विवेकावर सोडला होता आणि विवेकाने काँग्रेसच्या बाजूने कौल दिला.

पण सगळं गमांगांवर ढकलू नका. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षादेश मोडून सरकारविरुद्ध मत दिलं. पक्षाने नंतर त्यांना काढलं. त्यांनी पक्षाप्रमाणे मत दिलं असतं तर २७०–२६९, सरकार तरलं असतं. प्रत्येकाने आपापल्या सोयीचा खलनायक निवडलाय.

सुमनताई_नाशिक
मला एक कळत नाही. गमांग आलेच नसते तर २६९–२६९. बरोबरीत काय होतं?

काळाकोट
ताई, हा प्रश्न कोणी विचारत नाही. राज्यघटनेच्या १००व्या अनुच्छेदाप्रमाणे अध्यक्ष पहिल्या फेरीत मत देत नाहीत, पण समसमान झाली तर त्यांना निर्णायक मत असतं. बालयोगी तेलुगू देसमचे आणि तेलुगू देसम वाजपेयींच्या बाजूने. आता ते मत कोणाला पडलं असतं याचा अंदाज तुम्हीच बांधा. म्हणजे सरकार 'एका मताने पडलं' म्हणतो ते अगदी अक्षरशः खरं आहे. ते एक मत नसतं तर जिंकायला दुसऱ्या खासदाराची गरजही नव्हती.

चहाटळ
गमांग पुढे २०१५ मध्ये भाजपमध्ये गेले हे कोणी सांगितलं नाही अजून. मी सांगतो. चला, चहा.

राईनकाठ
जर्मनीतून लिहितोय. इथे बावीस वर्षं झाली, त्यामुळे मराठीत चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

इथे १९९९ सारखा प्रकार होऊ नये म्हणून घटनेतच पाचर मारून ठेवलीय. हिटलरच्या आधीच्या वायमार प्रजासत्ताकाच्या काळात डावे आणि उजवे टोकाचे पक्ष मिळून सरकार पाडायचे, पण नवं सरकार बनवायला एकत्र यायचे नाहीत. म्हणून युद्धानंतरच्या घटनेत अनुच्छेद ६७ आला. संसदेला चॅन्सेलरला (म्हणजे इथल्या पंतप्रधानाला) नुसतं 'तू नको' म्हणता येत नाही. 'तू नको, हा हवा' असं एकाच ठरावात, नाव घेऊन आणि एकूण सदस्यांच्या बहुमताने म्हणावं लागतं. आजवर दोनदाच प्रयत्न झाला. १९७२ मध्ये बार्त्सेल यांनी विली ब्रांटना पाडायचा घाट घातला, २४९ मतं हवी होती, २४७ मिळाली. १९८२ च्या १ ऑक्टोबरला हेल्मुट कोल यांनी श्मिट यांना घालवलं, तो एकच यशस्वी.

आता १९९९ आठवा. वाजपेयी पडल्यावर सोनिया गांधी म्हणाल्या की आमच्याकडे २७२ आहेत. मुलायमसिंगांनी नाही म्हटलं आणि ते २७२ काही जमले नाहीत. २६ एप्रिलला लोकसभा बरखास्त. म्हणजे पाडायला २७० होते, बांधायला नव्हते. इथला नियम तिथे असता तर वाजपेयी राहिले असते.

काळाकोट
@राईनकाठ, मांडणी छान, शेवटचं वाक्य मात्र घसरलं. तुमचा ६७ हा विरोधकांच्या ठरावाला लागू. वाजपेयी विरोधकांच्या ठरावावर हरले नाहीत, स्वतःच्या विश्वासदर्शक ठरावावर हरले. त्यासाठी तुमच्याकडे वेगळं कलम आहे ना?

राईनकाठ
कबूल. तो अनुच्छेद ६८. तिथे चॅन्सेलर स्वतः विश्वास मागतो आणि हरला तर राष्ट्राध्यक्षांना संसद बरखास्त करायला सांगू शकतो. १६ डिसेंबर २०२४ ला ओलाफ शोल्त्स यांनी हेच केलं, आणि हरायचं म्हणूनच केलं. आघाडी नोव्हेंबरात मोडली होती, निवडणूक लवकर हवी होती. २०७ बाजूने, ३९४ विरुद्ध, ११६ तटस्थ. २३ फेब्रुवारीला निवडणूक. माझ्या आईला फोनवर हे समजावताना घाम फुटला. ती म्हणे, "हरण्यासाठी ठराव? मग जिंकले असते तर काय केलं असतं?"

पण एक फरक राहतोच. इथे राष्ट्राध्यक्ष चॅन्सेलरला 'बहुमत सिद्ध कर' असं सांगू शकत नाही. तुमच्याकडे ते होतं.

कोयनाकाठ
हाच तो मुद्दा! आपल्याकडे सरकार सभागृहात पडत नाही, पत्रात पडतं. भाजपने पाठिंबा काढल्याचं पत्र राष्ट्रपतींना दिलं तेव्हा व्ही. पी. सिंग गेले. ७ नोव्हेंबर १९९० चं मतदान, १४२ विरुद्ध ३४६, हा नुसता पंचनामा होता. १९९७ मध्ये काँग्रेस अध्यक्ष केसरींनी पत्र दिलं, देवेगौडा गेले. १९९९ मध्ये जयललितांनी दिलं. पत्र गेलं की राष्ट्रपती सांगणार, बहुमत दाखवा. मग विरोधकांना अविश्वास ठराव आणायची गरजच काय? म्हणून भाच्याचं उत्तर शून्य येतं.

आणि काही जण तर तिथपर्यंतही जात नाहीत. मोरारजींनंतर राष्ट्रपती संजीव रेड्डींनी आधी यशवंतरावांनाच सरकार बनवायला बोलावलं होतं. जमलं नाही. मग चरणसिंग पंतप्रधान, यशवंतराव उपपंतप्रधान. इंदिरा काँग्रेसने पाठिंबा काढला आणि २० ऑगस्ट १९७९ ला चरणसिंगांनी लोकसभेचं तोंड न बघता राजीनामा दिला. आमचे वडील सांगायचे, कऱ्हाडात तेव्हा लोक म्हणत, "साहेब एवढ्या मोठ्या खुर्चीवर गेले आणि खुर्ची मांडायच्या आतच मांडव उठला."

म्हापशेकार
दिल्ली, जर्मनी झालं असेल तर जरा गोंयांत या. पत्रं कसली घेऊन बसलात, आमच्याकडे अख्खी मुलूखगिरी झाली आहे.

मार्च १९९०. प्रतापसिंह राणेंचं सरकार पडलं. पाडणाऱ्यांत विधानसभेचे सभापती डॉ. लुईस प्रोत बार्बोझा स्वतः होते. आधी चर्चिल आलेमाव मुख्यमंत्री, तेही अठरा-एकोणीस दिवस. मग खुद्द बार्बोझा मुख्यमंत्री. आणि डिसेंबरात नव्या सभापतींनी, सुरेंद्र सिरसाटांनी, बार्बोझांनाच पक्षांतरबंदीखाली अपात्र ठरवलं. ज्या खुर्चीवर बसून दुसऱ्यांची अपात्रता ठरवायची त्या खुर्चीवरून उठून मुख्यमंत्री व्हायचं आणि त्याच खुर्चीवर बसलेल्या दुसऱ्याने आपल्याला घरी पाठवायचं. तेव्हा मी शाळेत होतो. मास्तर 'गोव्याचे मुख्यमंत्री कोण' हा प्रश्न परीक्षेत घालत नसत.

नंतर कायदा बदलला. १९८५ च्या मूळ कायद्यात एक तृतीयांश फुटले तर चालायचं, २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने ती पळवाट बुजवली. आता दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं. आम्ही लगेच गणित शिकलो. जुलै २०१९, काँग्रेसचे १५ पैकी १० भाजपमध्ये. बरोबर दोन तृतीयांश, ना एक कमी ना एक जास्त. सप्टेंबर २०२२, ११ पैकी ८. अकराचे दोन तृतीयांश सात पूर्णांक काहीतरी येतात, म्हणून आठ. आणि २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने उमेदवारांना देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात नेऊन फुटणार नाही अशी शपथ घ्यायला लावली होती. तिन्ही देव बघत होते.

मिसळ_विथ_कट
'तिन्ही देव बघत होते' =)) दंडवत घ्या.

चहाटळ
हरयाणाचे गयालाल १९६७ मध्ये पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलले, त्यावरून 'आयाराम गयाराम'. त्यांना घाऊक भाव माहीत नव्हता, किरकोळीतच गेले.

निवृत्त_प्रतिवेदक
बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. नोकरी विधिमंडळातली, प्रतिवेदक म्हणून. सभागृहात जे बोललं जातं ते लघुलिपीत उतरवून घेणारे आम्ही. पाच-दहा मिनिटांची पाळी, मग पुढचा माणूस येऊन शेजारी बसतो आणि आपण उठायचं. गोंधळात काहीच ऐकू आलं नाही की कंसात 'अडथळा' लिहायचं. माझ्या वह्यांत काही पानं अशी आहेत की त्यावर 'अडथळा' सोडून दुसरं काही नाही.

वर सगळे बटणांबद्दल लिहीत आहेत, म्हणून आपल्या विधानसभेत मत कसं मोजतात ते सांगतो. आधी आवाजी मत. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे. मग 'नाही'. एवढ्यात कोणीतरी उठून 'पोल' मागतो. मग घंटा. ती घंटा लॉबीत, कँटीनमध्ये, सगळीकडे वाजते. सदस्य धावत येतात. घंटा थांबली की दरवाजे बंद, आणि बंद म्हणजे बंद. मंत्री असो की माजी मुख्यमंत्री, बाहेरचा बाहेर. मग शिरगणती. एकेका बाकावरचा सदस्य उभा राहतो, आपलं नाव आणि क्रमांक सांगतो, बसतो. शाळेतल्या हजेरीसारखं. नव्या आमदाराचा आवाज कापतो. जुना आमदार आकडा असा म्हणतो की बिल मागतोय.

२०२२ मध्ये मी निवृत्त झालो होतो, घरी टीव्हीवर पाहिलं. ३ जुलैला अध्यक्षपदाची निवडणूक झाली, नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ ने आले. दुसऱ्या दिवशी शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव, बाजूने पुन्हा १६४ आणि विरुद्ध ९९. एका रात्रीत आठ गेले कुठे? काही जण घंटेनंतर पोहोचले. अशोक चव्हाण आणि विजय वडेट्टीवार हे दरवाज्याबाहेर राहिले. त्या दिवशी निकाल बदलणार नव्हता, तरी मला तो बंद दरवाजा बघून अंगावर काटा आला. १९९९ सारखं एका मताचं मतदान असतं तर?

सुमनताई_नाशिक
काका, फार छान लिहिलंत. या वह्या आहेत का अजून?

निवृत्त_प्रतिवेदक
ताई, वह्या कार्यालयाच्या. घरी फक्त बोटांचं दुखणं आलं.

कोयनाकाठ
काका आले म्हणजे धाग्याचं सोनं झालं. पण बघा, महाराष्ट्रात ज्या ज्या वेळी सत्ता मधेच उलटली, तेव्हा ती शिरगणती झालीच नाही. १९७८ मध्ये पावसाळी अधिवेशन चालू असताना पवार वसंतदादांच्या मंत्रिमंडळातून आमदार घेऊन बाहेर पडले. दादांनी राजीनामा दिला आणि १८ जुलैला पवार पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचे मुख्यमंत्री, वयाची चाळीशीही गाठली नव्हती. (संपादक, मी तो शब्द वापरलेला नाही.) २०१९ मध्ये राष्ट्रपती राजवट पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली, सकाळी फडणवीस-अजितदादांचा शपथविधी, सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबरला संध्याकाळी पाचपर्यंत बहुमत चाचणी घ्या म्हटलं आणि २६ लाच राजीनामा. २०२२ मध्ये ३० जूनला चाचणी होती, २९ ला रात्री उद्धव ठाकरेंचा फेसबुकवरून राजीनामा.

शिरगणती होऊन तरलेलं मात्र आठवतं. जून २००२, विलासराव. रायगड जिल्हा परिषदेच्या भांडणातून शेकापने (शेतकरी कामगार पक्षाने) पाठिंबा काढला, आमदार बेंगळुरूला नेऊन ठेवले, आणि १४३ विरुद्ध १३३ ने सरकार वाचलं. जिल्हा परिषदेच्या भांडणाने मंत्रालय हलतं, हे फक्त आपल्याकडे.

मिसळ_विथ_कट
मग हरणार हे दिसत असताना माणसाने मतदानाला उभं राहायचंच कशाला? आधी राजीनामा दिला तर निदान चार चांगले शब्द तरी पदरात पडतात. १९९६ मध्ये वाजपेयींनी तेरा दिवसांनी तेच केलं. चर्चा होऊ दिली, जोरदार भाषण केलं, मतदान न घेता राजीनामा द्यायला गेले. त्या भाषणावर पुढची मतं मिळाली.

काळाकोट
हा प्रश्न विचारलात ते बरं झालं, कारण २०२२ मध्ये राजीनाम्याची किंमत काय पडली हे कोर्टाच्या निकालात लिहून ठेवलंय.

आधी मागची उदाहरणं. कर्नाटकात १९८९ साली एकोणीस आमदारांच्या पत्रांवरून राज्यपालांनी मुख्यमंत्री बोम्मईंचं बहुमत गेलं असं ठरवलं आणि सरकार बरखास्त झालं. त्यातल्या काहींनी नंतर सांगितलं की आमच्या सह्या फसवून घेतल्या. बोम्मई म्हणत होते सभागृहात मोजा, मोजलं नाही. १९९४ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं की बहुमत राजभवनात नाही, सभागृहात मोजायचं. पण तोवर पाच वर्षं उलटून गेली होती. १९८० मध्ये तर पवारांचं पुलोद सरकारही असंच गेलं, १७ फेब्रुवारीला, आणखी आठ राज्यांबरोबर. तिथे बहुमत गेलंय असं म्हणायचेही कष्ट नव्हते. त्याआधी १९७७ मध्ये जनता सरकारने काँग्रेसची नऊ राज्यं अशीच उडवली होती, त्यामुळे कोणी कोणाला बोलायचं?

आता २०१६. अरुणाचलात नबाम तुकींचं सरकार गेलं, सर्वोच्च न्यायालयाने १३ जुलैला राज्यपालांची कृती घटनाबाह्य ठरवून घड्याळ मागे फिरवलं, १५ डिसेंबर २०१५ ची स्थिती आणली. तुकी परत मुख्यमंत्री! (चारच दिवस, पुढे आमदारच पेमा खांडूंमागे गेले.) त्याच वर्षी उत्तराखंडात हरीश रावत, कोर्टाच्या देखरेखीखाली १० मे रोजी चाचणी, ३३ विरुद्ध २८, सरकार परत. या दोघांनीही राजीनामा दिलेला नव्हता.

२०२२ चा खटला घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी निकाली काढला. त्यात म्हटलं, राज्यपाल कोश्यारींनी चाचणी बोलावली त्याला पुरेसा आधार नव्हता. अध्यक्षांनी शिंदे गटाच्या गोगावलेंना प्रतोद (पक्षादेश काढणारा) म्हणून मान्यता दिली ती चूक. पण ठाकरे चाचणीला सामोरे न जाता राजीनामा देऊन मोकळे झाले, त्यामुळे आधीची स्थिती परत आणता येत नाही. पुढे राज्यपालांनी शिंदेंना बोलावलं तेही योग्य. आमदारांच्या अपात्रतेचं अध्यक्ष ठरवतील, आणि ते त्यांनी १० जानेवारी २०२४ ला ठरवलं, कोणीच अपात्र नाही.

वकील म्हणून अशिलाला एकच सांगेन. सही करायच्या आधी फोन करा.

चहाटळ
@काळाकोट, रात्री फोन उचलता का?

मिसळ_विथ_कट
पण त्या रात्री उभं राहायचं म्हणजे आपलेच चाळीस लोक समोर उभे राहून आपल्याविरुद्ध नाव आणि क्रमांक सांगताना ऐकायचं. काकांनी वर्णन केलंय तसं, एकेक. टीव्हीवर, सगळ्या राज्यासमोर. कायद्याचं गणित नंतर सुचतं. मला त्या माणसाच्या जागी राहून ते ऐकवलं नसतं. (मी त्यांचा मतदार नाही, हेही लिहून ठेवतो.)

म्हापशेकार
आमच्याकडे ते ऐकायची सवय आहे.

काळाकोट
@मिसळ, माणूस म्हणून पटलं. तरी उभं राहिल्याने काय होतं त्याचं एक उदाहरण देतो, मग थांबतो. फेब्रुवारी १९९८, उत्तर प्रदेश. राज्यपाल रोमेश भंडारींनी २१ तारखेला कल्याणसिंगांना काढून जगदंबिका पाल यांना शपथ दिली. कल्याणसिंग कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, दोघंही एकाच सभागृहात बसा, कोणाकडे किती ते मोजा. २६ तारखेला मोजलं, कल्याणसिंग २२५, पाल १९६. पालांचं नाव 'एक दिवसाचे मुख्यमंत्री' म्हणून राहिलं.

राईनकाठ
एकाच सभागृहात दोन मुख्यमंत्री आणि मोजणी! हे म्हणजे आमचा अनुच्छेद ६७ च झाला की. 'तू नको, हा हवा', फक्त दोघंही समोर बसलेले.

काळाकोट
हो. आणि तो घटनेत नाही, कोर्टाच्या एका आदेशात होता. तसं बघायला गेलं तर 'अविश्वास ठराव' हा शब्दही आपल्या घटनेत नाही. घटना एवढंच म्हणते की मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे. ठराव कसा मांडायचा, पन्नास खासदार उभे राहायला हवेत वगैरे, ते लोकसभेच्या नियमावलीत.

पेठेतला_भाचा
नमस्कार. नवीन आयडी आहे, सांभाळून घ्या. धाग्यातला भाचा तो मी. मामांनी दुवा पाठवला. एक शंका आहे. वाजपेयी सरकार एप्रिलमध्ये पडलं आणि निवडणूक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. मग मे ते जुलै कारगिलचं युद्ध पडलेल्या सरकारने लढवलं? पडलेलं सरकार एवढं करू शकतं?

काळाकोट
करू शकतं आणि केलं. 'काळजीवाहू सरकार' हा शब्दही घटनेत शोधू नका, मिळणार नाही. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला होता की लोकसभा बरखास्त झाली तर मंत्रिमंडळ राहतं का. उत्तर, राहतं. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याशिवाय राष्ट्रपतींना कारभार करताच येत नाही, म्हणून ते असायलाच लागतं. मोठे धोरणात्मक निर्णय घेऊ नयेत हा संकेत आहे, कायदा नाही. समोरून कोणी शिखरावर येऊन बसला तर 'आम्ही काळजीवाहू आहोत, ऑक्टोबरनंतर या' असं म्हणता येत नाही.

सुमनताई_नाशिक
आणि त्या मधल्या काळाचा महाराष्ट्रावर केवढा परिणाम झाला बघा. पवार तेव्हा लोकसभेत विरोधी पक्षनेते. मे महिन्यात सोनिया गांधींच्या परदेशी मूळच्या मुद्द्यावरून पवार, संगमा, तारिक अन्वर काँग्रेसमधून बाहेर, १० जूनला राष्ट्रवादी. लोकसभेबरोबर विधानसभाही घेतली गेली. नारायण राणे मुख्यमंत्री होऊन वर्षही झालं नव्हतं. ऑक्टोबरात विलासराव, त्याच काँग्रेस आणि राष्ट्रवादीचं मिळून. आमच्या गल्लीत दोन भाऊ जूनमध्ये एकमेकांशी बोलायचे बंद झाले, एक इकडे राहिला, एक तिकडे गेला. ऑक्टोबरात दोघांचे पक्ष एकाच सरकारात. भाऊ मात्र अजून बोलत नाहीत.

निवृत्त_प्रतिवेदक
ताई, याची नोंद 'अडथळा' अशीच करावी लागेल.

कोयनाकाठ
भाच्या, वाचलंस ना? आता परीक्षेत 'शून्य' लिहून पुढे कंसात मोरारजी लिही, गुण मिळोत न मिळोत.

आज सलूनवाल्याला फोन केला. दुकान आता मुलगा चालवतो, टीव्ही भिंतीवर सपाट आलाय. त्याला १९९९ आठवतंय का विचारलं. म्हणाला, "आठवतंय की. त्या दिवशी गिऱ्हाईक आलेलं, शनिवार असून. तुम्ही खुर्ची सोडली नाहीत, म्हणून परत गेलं."

पेठेतला_भाचा
मामा, ते सगळं ठीक. पेढे अर्धा किलो ठरले होते, एसटीतून आलेल्या डब्यात पाव किलो निघाले.

चहाटळ
शिरगणती करा.